विषय : रविवारची सहल – "कुत्री आणू नयेत" ही ओळ कुणी घातली?

प्रेषक : मेधा

मंडळी,
सहलीच्या कालच्या पत्रकात अगदी शेवटी "कुत्री आणू नयेत" असं लिहिलंय. हे कधी ठरलं? गेल्या वर्षी आमची कुत्री चिंगी आली होती, तेव्हा कुणीच काही बोललं नव्हतं. सहल इंग्लंडमधल्या कॅनक चेसच्या रानात आहे, तिथे पट्टा लावून कुत्रं नेता येतं. आमचे सगळ्यांचे पैसे भरून झालेत, आणि इतक्या ऐनवेळी तिला सांभाळायला कुणी मिळणार नाही. कृपया आजच कळवा. वड्यांचं सारण माझ्याकडे आहे, म्हणून घाई.

प्रेषक : श्रीकांत

मेधाताई,
ओळ मी घातली. काही पालकांचे फोन आले होते. "ती पिटबुलसारखी कुत्री येणार का?" असं सरळ विचारलं. त्यांचं काय चुकलं? सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमला बोर्डस्ली ग्रीनमध्ये ११ वर्षांच्या मुलीवर भर रस्त्यात कुत्र्याने हल्ला केला. त्याच आठवड्यात स्टोनॉल गावात कुत्र्यांच्या हल्ल्यात एका माणसाचा जीव गेला. स्टोनॉल इथून कितीसं लांब आहे? लहान मुलं बरीच येणार आहेत. मंडळाने जोखीम का घ्यावी?

प्रेषक : सुधीरकाका

श्रीकांत,
भीती समजते, पण गल्लत करू नकोस. बंदी आली ती एक्सएल बुली या मोठ्या, दणकट कुत्र्यांच्या जातीवर. तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी १५ सप्टेंबर २०२३ ला ती जाहीर केली. ३१ डिसेंबरपासून त्या जातीची विक्री आणि पैदास बंद झाली, बाहेर नेताना पट्टा आणि मुसकं सक्तीचं झालं. १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय ते कुत्रं बाळगणं हाच गुन्हा. प्रमाणपत्राची फी तेव्हा ९२ पौंड ४० पेन्स होती, शिवाय मायक्रोचिप, विमा आणि नसबंदी. धोकादायक कुत्र्यांचा मूळ कायदा १९९१ चा. तेव्हा पिटबुल टेरियर, तोसा, दोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार जाती होत्या.

चिंगी स्टॅफर्डशायर बुल टेरियर आहे. ती या यादीत कधीच नव्हती. एक्सएल बुली नर खांद्याशी निदान २० इंच, मादी १९. स्टॅफी १४ ते १६ इंचांची असते.

प्रेषक : प्रकाश

सुधीरकाका, इंच मोजून काय होणार? साताऱ्याला आमच्या आळीत चावलं ते कुठल्याही जातीचं नव्हतं, साधं गावठी कुत्रं. माझ्या धाकट्या भावाला इंजेक्शनं घ्यावी लागली. अजूनही तो कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो. पुण्याहून आईनेही बातमी पाठवली होती की केंद्र सरकारने २३ जातींवर बंदी घालायला सांगितलंय. सरकार उगीच सांगेल का?

प्रेषक : सुधीरकाका

प्रकाश, ते मार्च २०२४ मधलं परिपत्रक. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं. ती बातमी आईने पाठवली नाही, कारण ती तेवढी फिरलीच नाही.

प्रेषक : वर्षा

मी अपघात विभागात काम करते, म्हणून लिहिते. कुत्रा चावलेलं लहान मूल येतं तेव्हा जखम बहुतेक वेळा चेहऱ्यावर असते, कारण मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं. आणि कुत्रा बहुधा घरचाच किंवा ओळखीचा असतो, जेवताना किंवा झोपेत छेडलेला. अशा केसेस पेपरात येत नाहीत. त्यामुळे लोक रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला घाबरतात आणि घरात मुलाला कुत्र्याजवळ एकटं सोडतात. मेधा, चिंगी आणायला माझी हरकत नाही. पण खाणं चालू असताना ती मुलांच्या घोळक्यात नको, एवढं मात्र मी सांगेन.

प्रेषक : मेधा

वर्षा, तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य आहे.

श्रीकांतदादा, तुम्हाला एक सांगायचंय. बोर्डस्ली ग्रीनची बातमी वाचून मलाही रडू आलं होतं. त्या मुलीच्या आईच्या जागी कुणीही स्वतःला बघेल. पण त्यानंतर आमचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. पेपरात बातमी कुठल्याही कुत्र्याची असो, फोटो तोच, दात विचकलेला. चिंगीचं रुंद डोकं आणि आखूड केस बघून लोक तोच फोटो तिच्यावर चिकटवतात. शाळेच्या फाटकाशी एका बाईंनी मुलाला उचलून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी हातात सुरी घेऊन उभी आहे. नवीन घर बघायला गेलो, तर घरमालकाने जात ऐकूनच नकार दिला.

मग मी तिला मुसक्याची सवय लावली. कायद्याने गरज नाही, तरीही. जाळीच्या आत शेंगदाण्याचं लोणी लावायचं, तिने स्वतःहून तोंड घातलं की शाबासकी, मग हळूहळू बक्कल. आता मुसकं बघून ती शेपटी हलवते. आणि लोक? मुसकं घातलेलं बघून आणखी लांब सरकतात. "नक्कीच चावरी असणार." मुसकं काढलं तर बेजबाबदार, घातलं तर धोकादायक. ज्यांनी कुत्री माजवली आणि मोकाट सोडली, ते पेपर वाचून सुधारत नाहीत. शरमेने मान खाली घालून चालतो ते आम्ही, पट्टा घट्ट धरणारे.

प्रेषक : अंजली

मेधा, वाचून वाईट वाटलं. श्रीकांत, पत्रक कार्यकारिणीला न दाखवता परस्पर गेलं, हे मात्र बरोबर नाही. गणपतीच्या वेळीही असंच झालं होतं. फोन आले तर मला कळवायचं, नियम आपण मिळून करू.

प्रेषक : श्रीकांत

अंजलीताई, पत्रक गुरुवारी जाणं भाग होतं, तुम्ही प्रवासात होतात. गणपतीचा विषय इथे नको.

प्रेषक : प्रकाश

कोचमध्ये कुत्रा चालतो का, हे कुणी विचारलंय का? आमची पुतणी कोचने येणार आहे.

प्रेषक : सुधीरकाका

मेधा गाडीने येते. आणखी एक, हे सगळ्याच कुत्रेवाल्यांसाठी. १९९१ च्या कायद्याचं कलम ३ प्रत्येक जातीला लागू आहे, लॅब्राडॉरलासुद्धा. कुत्रं चावायलाच हवं असं नाही. ते आवाक्याबाहेर आहे आणि आता इजा करेल अशी कुणाला रास्त भीती वाटली, तरी मालक अडकतो. २०१४ पासून खासगी जागेतही. तेव्हा देशमुखांचा लॅब्राडॉर गेल्या वर्षी मोकळा फिरून लाडवांच्या डब्यात तोंड घालत होता, त्याबद्दल एकाही पालकाचा फोन आला नव्हता, हेही श्रीकांतने लक्षात घ्यावं. नियम करायचा तर पट्ट्याचा करा.

प्रेषक : श्रीकांत

ठीक आहे. पट्ट्याचं मला पटतं. ज्यांचे फोन आले त्यांच्याशी मी आज बोलतो. पण कुणी तरीही नाही म्हणालं, तर त्यांना "गप्प बसा" असं मी सांगणार नाही.

प्रेषक : अंजली

तसं सांगायचं नाहीच. सुधारित ओळ अशी : "कुत्री आखूड पट्ट्यावर, मोठ्या माणसाच्या हातात. जेवणाच्या जागेपासून लांब, पार्किंगच्या बाजूच्या झाडांखाली. मुलांनी मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये." हे सगळ्या कुत्र्यांना, देशमुखांच्याही. कार्यकारिणीने संध्याकाळपर्यंत होकार द्यावा.

प्रेषक : वर्षा

होकार. मुलांना मी आधी दहा मिनिटं सांगेन, कुत्र्याजवळ कसं जायचं ते.

प्रेषक : मेधा

चालेल. झाडांखाली आम्ही आळीपाळीने बसू. चिंगीला मुसकं घालूनच आणते, फोन केलेल्या पालकांना तसं सांगा, आणि त्यांना आधी येऊन भेटायचं असेल तर शनिवारी घरी या. बटाटे किती किलो घेऊ? आकडा अजून कुणी दिलेला नाही.