मदत हवी आहे: ०.१२.५ म्हणजे नक्की किती चौरस मीटर? परवा दस्त आहे

कृष्णाकाठचा_गडी (वाळवा तालुका)
नमस्कार मंडळी. शेतजमीन घेतोय, तिच्या क्षेत्रावरून घोळ झालाय, लवकर सांगा. कागदावर ०.१२.५ लिहिलंय. मालक म्हणतो साडेबारा गुंठे. मेव्हणा बँकेत आहे, तो म्हणतो १२०५ चौरस मीटर. नेटवर टाकून बघितलं तर ३०.८९ एकर दाखवतंय, ते तर काहीच्या काही. दर गुंठ्यावर ठरलाय. जमीन घेऊ का नको हे विचारत नाही. फक्त आकडा सांगा.

तासगावचे_आबा
एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणजे शंभर गुंठे. हेक्टरात आर पण शंभरच. मग आर आणि गुंठा एकच झाला की. आमच्याकडं सगळे असंच धरतात. साडेबारा गुंठे, मालक बरोबर बोलतोय.

शंकूसाखळी
आबा, बोलायला ठीक आहे, पैसे मोजताना नाही. मी मोजणीच्या कामात आयुष्य काढलंय म्हणून सांगतो. १ आर म्हणजे पुरते १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, त्याचे होतात १०१.१७ चौरस मीटर. म्हणून हेक्टरात ९८.८४ गुंठे बसतात, शंभर नाहीत. अडीच एकर धरलं की दर हेक्टरमागं एका गुंठ्याहून जास्त जमीन नुसती कागदावर वाढते.

आता धागाकर्त्याला विचारतो. हा कागद कुठला? सातबारा, इसारपत्र, का मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा नकाशा? आणि तुम्ही लिहिलंय तशी खरंच दोन टिंबं आहेत का? हे कळल्याशिवाय आकडा सांगणं धोक्याचं आहे.

कडेगावकर_पाटील
दादा, तुकडेबंदीचा कायदा आहे. २० गुंठ्यांच्या आत दस्तच होत नाही. परवा कचेरीत जाऊन हेलपाटा करू नका.

कृष्णाकाठचा_गडी
@पाटील, मी ते विचारलेलं नाही. स्वतंत्र गट आहे, पूर्ण गट घेतोय, तुकडा पाडत नाही. विहीर आहे, बागायत आहे.
@शंकूसाखळी काका, वकिलांकडच्या दस्ताच्या मसुद्यात आहे. दोन टिंबं आहेत. ०.१२.५.

शिराळ्याची_सून
पाटील दादा, २०२३ च्या अधिसूचनेनंतर प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, बागायतीला १० आर आणि जिरायतीला २० आर आहे. तुम्ही सांगताय ती जिरायतीची अट. यांचं बागायत आहे आणि १२ आरच्या वर आहे, शिवाय गट पूर्ण विकला जातोय.

कडेगावकर_पाटील
ताई, बागायत नोंद सातबाऱ्यावर पाहिजे. तोंडी विहीर चालत नाही. आमच्या भावकीत याच मुद्द्यावर दस्त परत आलाय.

मिरजेच्या_बाई
गणित मी शिकवते, म्हणून तेवढंच बोलते. क्षेत्राचं एकक बदलताना प्रत्येक पायरी शंभराची असते, दहाची नाही. लांबी दहापट झाली की रुंदीही दहापट होते, म्हणून चौरस शंभरपट. १ आर म्हणजे १० मीटर गुणिले १० मीटर, १०० चौरस मीटर. १ हेक्टर म्हणजे १०० मीटर गुणिले १०० मीटर, १०० आर, १०,००० चौरस मीटर. त्याच्याही वर गेलात तर १ चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर.

म्हणूनच सातबाऱ्यावर हेक्टरनंतर आरला दोन घरं असतात आणि चौरस मीटरला दोन घरं असतात. प्रत्येक घर ०० पासून ९९ पर्यंत जातं. तुमच्या मसुद्यात शेवटच्या घरात एकच आकडा आहे आणि सगळी गडबड तिथंच आहे. तो ५ म्हणजे ०५ असेल तर १२ आर ५ चौरस मीटर, म्हणजे १२०५. तो ५० मधलं शून्य गाळून लिहिलेला असेल तर १२ आर ५० चौरस मीटर, म्हणजे १२५०. मेव्हणे पहिल्या रीतीनं वाचतायत, मालक दुसऱ्या रीतीनं. दोघांकडेही आपापलं कारण आहे.

नेटवरचे ३०.८९ एकर कुठून आले तेही सांगते. हेक्टरच्या रकान्यात १२.५ गेलंय. तिथं ०.१२५ टाकायचं. ०.१२५ हेक्टरला १०,००० नं गुणलं की १२५० चौरस मीटर.

सोनाका_बागाईतदार
एवढं गणित कशाला? वेली मोजा. बाग ९ बाय ५ वर असेल तर एका वेलीला ४५ चौरस फूट, एकरी ९६८ वेली बसतात. एकूण वेली गुणिले ४५, भागिले १०८९, झाले गुंठे. मी अशीच दोन रानं घेतली, एक फूट इकडचं तिकडं झालं नाही.

कृष्णाकाठचा_गडी
द्राक्षबाग नाही हो, हळदीचं रान आहे. आत्ता मोकळं आहे.

सोनाका_बागाईतदार
हळद कुठली, सेलम का? निघाली किती?

कृष्णाकाठचा_गडी
दादा, हळदीचं राहू द्या. बाई, तुमचं समजलं. पण मग १२०५ का १२५०? एक काय ते सांगा ना.

मिरजेच्या_बाई
ते गणितातून नाही ठरणार दादा. कागदच बघायला हवा. डिजिटल सातबारा काढा आणि त्यावरचं क्षेत्र इथं जसंच्या तसं लिहा, एकही शून्य न गाळता.

उपग्रहवाला
मोबाईलमध्ये क्षेत्र मोजायचं ॲप घ्या, बांधावरून एक चक्कर मारा, विषय संपला. तलाठी नको, मोजणी नको. मी भाऊबंदकीतल्या वाटण्या यावर करून दिल्यात.

शंकूसाखळी
आणि त्या वाटण्यांवर पुढं भांडणं होणार. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या रानातसुद्धा काही मीटर इकडं तिकडं दाखवतो. पाच एकराच्या रानात ते खपून जातं. पट्टी २५ मीटर रुंद असेल आणि चूक ३ मीटरची झाली तर क्षेत्रात १२ टक्क्यांचा फरक पडतो. इथं तंटा ४५ चौरस मीटरचा आहे, म्हणजे चार टक्क्यांचासुद्धा नाही. ॲपला तो दिसायचाच नाही.

उपग्रहवाला
काका, आता जमाना बदललाय. मोजणीखातं स्वतः उपग्रहावरून मोजतंय, रोव्हर घेऊन येतात.

शंकूसाखळी
रोव्हर वेगळा, मोबाईल वेगळा. रोव्हरला ठरलेल्या स्थानकांवरून दुरुस्ती मिळते, म्हणून तो सेंटिमीटरात बोलतो. दोन्हीला उपग्रह लागतो एवढ्यावरून दोन्ही सारखे होत नाहीत.

आमच्या वेळी ३३ फुटी साखळी असायची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. जुन्या नोंदी सगळ्या एकर-गुंठ्यात. १९५६ चा वजनमापांचा कायदा आल्यावर दशमान पद्धत टप्प्याटप्प्यानं लागू झाली आणि पुढं सातबाऱ्यावर हेक्टर-आर आलं. जमीन तीच राहिली, आकडे बदलले. लोकांच्या तोंडात मात्र गुंठा राहिला आणि दर गुंठ्यानंच ठरतो. म्हणून हा प्रश्न दर दस्ताला उभा राहतो. कोणी विचारतो, बाकीचे न विचारता पैसे देऊन मोकळे होतात.

रान_क्षारपड_निचरा
वाळव्याचं रान म्हणताय म्हणून विचारतो, जमीन क्षारपड आहे का? घ्यायच्या आधी माती तपासून घ्या. आम्ही सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला तेव्हा कुठं ऊस आला. क्षेत्र बरोबर असून काय करायचं, रानच पिकलं नाही तर?

कृष्णाकाठचा_गडी
रान चांगलं आहे, शेजारचंच आहे, लहानपणापासून बघतोय. सातबारा निघाला. लिहितो:
लागवडयोग्य क्षेत्र ०.११.००
पोटखराब वर्ग अ ०.०१.५०
एकूण ०.१२.५०
आता बोला.

मिरजेच्या_बाई
झालं मग. एकूण १२ आर ५० चौरस मीटर, १२५० चौरस मीटर, ०.१२५ हेक्टर. तिन्ही एकच. गुंठ्यात १२५० भागिले १०१.१७, म्हणजे १२.३६ गुंठे. मेव्हण्यांचं १२०५ गेलं आणि मालकांचे साडेबारा गुंठेही गेले. चौरस फूट हवे असतील तर १२५० ला १०.७६४ नं गुणा, साधारण १३,४५५.

तासगावचे_आबा
साडेबारा आणि बारा पूर्णांक छत्तीस. एवढ्याशा फरकासाठी शेजाऱ्याशी वाकडं घेणार का? शेजार जन्मभराचा असतो.

शिराळ्याची_सून
आबा, दर किती आहे त्यावर आहे ना. दादा, गुंठ्याचा दर सांगता येईल का?

कृष्णाकाठचा_गडी
दीड लाख.

शिराळ्याची_सून
मग साडेबारा गुंठ्यांचे १८,७५,०००. १२.३६ नं केलं तर १८,५४,०००. फरक २१,०००. आणि उद्या कुणी मसुदा वाचून १२०५ धरलं असतं तर साडेबारा गुंठ्यांच्या हिशेबापेक्षा ८८ हजारांवर फरक गेला असता. आबा, ही रक्कम एवढीशी नाही. शेजाऱ्याला सातबारा दाखवून सांगितलं तर त्यात वाकडं यायचं काही कारण नाही.

कडेगावकर_पाटील
आणि पोटखराबाचं काय? दीड आर पोटखराब आहे. त्याचे पण दीड लाखानं पैसे देणार? दर लागवडीच्या क्षेत्रावर धरा. ११ आर म्हणजे १०.८७ गुंठे.

शंकूसाखळी
पाटील, तो व्यवहाराचा भाग आहे, मापाचा नाही. मालकी एकूण क्षेत्राची मिळते. वर्ग अ म्हणजे खडकाळ, ओघळीची, पिकाखाली न येणारी जागा, ती मालकाचीच असते. वर्ग ब असता, म्हणजे रस्ता, कालवा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली, तर मी पण म्हटलं असतं की तेवढं वगळून बोला. दस्तात मात्र लागवडयोग्य, पोटखराब आणि एकूण असे तिन्ही आकडे आले पाहिजेत.

कडेगावकर_पाटील
तरी पण पिकत नाही त्या जागेला बागायतीचा दर देणं मला पटत नाही. आमच्याकडं पोटखराब निम्म्या दरानं धरतात.

कृष्णाकाठचा_गडी
त्यात ती विहीर येते, त्यामुळं पूर्ण दर द्यायचं आधीच ठरलंय. ते सोडा. जागेवर बरोबर भरतंय का हे बघायला आज फीत लावली. ८२ फूट रुंद, १६४ फूट लांब. हे बरोबर आहे का?

मिरजेच्या_बाई
८२ गुणिले १६४ म्हणजे १३,४४८ चौरस फूट. भागिले १०.७६४, जवळपास १२४९ चौरस मीटर. सातबाऱ्याशी जुळतंय. मीटरमध्ये बघायचं तर हे जवळजवळ २५ गुणिले ५० आहे.

शंकूसाखळी
थांबा. लांबी गुणिले रुंदी काटकोनी तुकड्यालाच चालते. चारी बाजू तशाच राहून तुकडा तिरका असला तर क्षेत्र कमी भरतं. दोन्ही कर्ण मोजा. काटकोन असेल तर दोन्ही सारखे यायला पाहिजेत, १८३ फुटांच्या वर चारेक इंच. आणि फीत बांधाच्या मध्यावर धरली होती का आतल्या कडेनं? कापडी फीत असेल तर ती ताणते, लोखंडी घ्या.

कृष्णाकाठचा_गडी
बांधाच्या मध्यावर धरली, फीत लोखंडी. कर्ण दोन्ही १८३ च्या वर आले, एकमेकांत बोटभर फरक. म्हणजे झालं ना?

शंकूसाखळी
झालं. आता मसुद्यात तीन गोष्टी करून घ्या. ०.१२.५ खोडून ०.१२.५० करा आणि पुढं अक्षरी लिहा: शून्य हेक्टर बारा आर पन्नास चौरस मीटर. शेजारी एकूण १२५० चौरस मीटर हेही येऊ द्या. चतुःसीमा सातबारा आणि गटाच्या नकाशाशी ताडून बघा. तिसरं, मूल्यांकनात शेतजमिनीचा दर हेक्टरवर असतो, तेव्हा तिथं ०.१२५ गेलंय ना हे स्वतः स्क्रीनवर बघा. चुकून १२.५ हेक्टर गेलं तर मुद्रांक शुल्क शंभरपट क्षेत्रावर निघेल.

कृष्णाकाठचा_गडी
वकिलांना फोन केला. ते म्हणाले टाइप करणाऱ्यानं शून्य गाळलं, दुरुस्त करून देतो. अक्षरी पण टाकतायत. मालकाला सातबारा आणि हिशेब दाखवला, त्यानं १२.३६ मान्य केलं, फक्त वरचे हजार-पाचशे सोडू नका म्हणाला, ते दिले. काका, बाई, ताई, मनापासून आभार.

सोनाका_बागाईतदार
अभिनंदन दादा. आता तिथं द्राक्ष लावा. ९ बाय ५ वर २९९ वेली बसतील, हिशेब करून ठेवलाय.

विट्याचा_नितळ
याच धाग्यात विचारतो. ठिबकच्या अर्जात हेक्टर आणि आर असे दोन रकाने आहेत. माझ्या सातबाऱ्यावर १.०७.२० आहे. आरच्या रकान्यात ७ टाकू का ७२?

मिरजेच्या_बाई
हेक्टर १, आर ७.२०. सगळं मिळून १०,७२० चौरस मीटर. ७२ टाकलंत तर साठ-पासष्ट आर जास्त जातील आणि अर्ज परत येईल. रकाना टिंब घेत नसेल तर कृषी सहायकांना विचारूनच भरा.