तातडीने मदत हवी: कंबर धरली आहे, परवा ड्युटी

निळेआकाश: कंबर पार धरली आहे. परवा पहाटे रिपोर्टिंग. खारघर, बेलापूर, वाशी कुठेही चालेल, पण उद्याची अपॉइंटमेंट देणारा फिजिओ सांगा. पट्टा लावून काम जमेल का?

मोगरा: काम काय करतेस? दुखणं कमरेतच आहे की पायात उतरतंय?

घोडबंदरकर: पट्टा लावा बिनधास्त. सोबत रोज १२ सूर्यनमस्कार. माझी कंबर त्यानेच सुटली.

वाशीची_फिजिओ: सूर्यनमस्कार आत्ता नकोत! गादी सरकली असेल तर पुढे वाकून दुखणं वाढेल. आणि पट्टा बांधला म्हणून वजन उचलायची मोकळीक मिळत नाही.

घोडबंदरकर: आमच्याकडे तीन पिढ्या घालतायत, कुणाचं काही बिघडलं नाही.

निळेआकाश: अहो, केबिन क्रू आहे मी. भरलेली ट्रॉली ८०-१०० किलोची. विमान वर चढत असतानाच सर्व्हिस सुरू होते, म्हणजे ती चढावर ढकलायची. वर पॅसेंजरच्या बॅगा. डाव्या पोटरीत मुंग्या येतात, पण ते जाऊ दे, फिजिओ सांगा ना कुणीतरी!

नौपाडा_काका: भाचीला हवाई सुंदरी व्हायचंय. उंची किती लागते? आता नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय.

मोगरा: काका, वेगळा धागा काढा.

वाशीची_फिजिओ: मुंग्या म्हणजे नस दबत असू शकते. ते जाऊ द्यायचं नाही. आधी ऑर्थो, मग फिजिओ. टाचांवर चालून बघ. चवडा उचलला जात नसेल, जांघेत बधिर वाटत असेल किंवा लघवी अडत असेल, तर आज रात्रीच कॅज्युअल्टी गाठ.

निळेआकाश: टाचांवर चालता येतंय, बाकीचंही ठीक आहे. पण सिक टाकलं की फ्लाइंगचे पैसे जातात. घराचा हप्ता आहे.

माजी_क्रू_ठाणे: तरीही टाक. इमर्जन्सीत दार उघडून माणसं बाहेर काढायची तुलाच आहेत. त्या वेळी कमरेत कळ आली तर? परत रुजू झालीस की ट्रॉली दोघींनी धरायची, बॅग एकटीने वर टाकायची नाही, पॅसेंजरलाच हात लावायला सांगायचं. मी हे उशिरा सुरू केलं, अजून जमिनीवर बसता येत नाही.

मोगरा: त्रास काम करताना सुरू झाला, हे केसपेपरवर लिहून घे. ऑफिसला मेलही आजच टाक.

निळेआकाश: नेरूळला उद्या सकाळची ऑर्थोची वेळ मिळाली. सिक टाकतेय. एमआरआय लगेच करायला लावतात का?

वाशीची_फिजिओ: बहुतेकदा नाही. ते तपासून ठरवतील. मुंग्यांचं मात्र आधी सांग.