यू-शिवायचा क्यू: कलमदान, मुकादम आणि इन्किलाब

इंग्रजीत क्यू या अक्षरामागे यू आलाच पाहिजे, असे आपल्याला शाळेत शिकवले जाते. त्यामुळे स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ, खेळताना हाती क्यू आला आणि यू नसला की अनेक जण तो रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, शेवटपर्यंत तसाच धरून बसतात. 100 टाइल्समध्ये क्यू एकच असतो आणि त्याचे गुण 10 असतात. समोरच्याने आधी टाइल्स संपवल्या, तर नेहमीच्या नियमाने आपले 10 गुण कमी होतात आणि त्याचे 10 वाढतात, म्हणजे एका अडलेल्या अक्षरापायी 20 गुणांचा फरक पडतो. यू-शिवायच्या क्यू-चे शब्द पाठ करण्याची खरी गरज येथे आहे, आणि मराठी माणसाला त्यातले कितीतरी शब्द पाठ करण्याआधीच येत असतात, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

गेल्या दिवाळीत भाचीबरोबर खेळताना माझ्या रॅकवर आय, एन, क्यू, आय, एल, ए, बी अशी सात अक्षरे होती. मी ती ओळीने लावून इन्किलाब लिहिले, तेव्हा ती म्हणाली, “मामा, हा इंग्रजी शब्द नाही, घोषणा आहे.” स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांची कॉलिन्सची यादी उघडली, तर शब्द तिच्यात होता. अक्षरांचे 18 आणि सातही टाइल्स एकदम लावल्याचे 50 असे 68 गुण, पटावरच्या रंगीत घरांचा हिशेब करण्याआधीच, मिळाले. तिची शंका मात्र रास्त होती. मध्यवर्ती विधिमंडळात 8 एप्रिल 1929 रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिलेल्या घोषणेतूनच हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. भारत-पाकिस्तानातील इंग्रजी लेखनात तो क्रांती या अर्थाने वापरला गेला आणि तेथून कोशात गेला.

आता हा क्यू येतो कोठून, ते पाहू. अरबी लिपीत आपल्या क-च्या जवळची दोन अक्षरे आहेत. काफ हे आपल्या क-सारखे उच्चारतात, तर काफ़ हे दुसरे अक्षर घशाच्या बरेच आतून काढतात. रोमन लिपीतला क्यू आणि अरबीतला हा दुसरा काफ़ ही दोन्ही एकाच प्राचीन फिनिशियन अक्षराची लेकरे आहेत, म्हणून अभ्यासकांनी त्यासाठी क्यू योजला. बहामनी काळापासून फारसी-अरबी शब्द मराठीत आले, तेव्हा आपण दोन्हींना क-मध्येच सामावून घेतले. आपल्याला फरक ऐकू येत नाही, पण हिंदीत काळजीपूर्वक लिहिलेला मजकूर पाहिला तर क-खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दिसतो, आणि तीच क्यू-ची खूण होय.

या खुणेने पाहिले की यादी ओळखीची वाटू लागते. फकीर, तलाक, वक्फ, कव्वाल, कव्वाली आणि कोर्मा हे सगळे शब्द कॉलिन्समध्ये यू-शिवायच्या क्यू-ने मान्य आहेत. कलमदान म्हणजे क्यू-ए-एल-ए-एम-डी-ए-एन हाही आहे. मुकादम तेथे एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम असा लिहितात. त्यात यू आहे, पण तो क्यू-च्या आधी येतो. मूळ अरबी अर्थ पुढे केलेला, म्हणजेच पुढारी. जुन्या मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलाला मोकदम म्हटलेले आढळते, आणि आज तो शब्द ऊसतोडीच्या टोळीचा म्होरक्या किंवा मजुरांवर देखरेख करणारा अशा अर्थाने जिवंत आहे. बुरखा या शब्दात मात्र आपण क-च्या जागी ख घेतला. इंग्रजीने बी-यू-आर-क्यू-ए हे रूप घेतले, शिवाय के-एच असलेले आपल्या उच्चाराजवळचे रूपही मान्य केले.

कनात या शब्दाबद्दल सावध राहावे. मराठीत कनात म्हणजे तंबूची किंवा मांडवाची कापडी भिंत. क्यू-ए-एन-ए-टी या इंग्रजी शब्दाचा अर्थ मात्र उताराच्या आधाराने भूजल दूरवर वाहून नेणारा जमिनीखालचा बोगदा असा आहे, आणि ही पद्धत मूळची इराणची. हा अर्थही आपल्याला परका नाही, कारण मलिक अंबरच्या काळातली औरंगाबादची नहर-ए-अंबरी याच तत्त्वावरची आहे. खेळात अर्थ विचारत नाहीत, पण शब्दचर्चेत दोन्ही एकच समजून चालणार नाही.

ज्याला एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल, त्याने क्यू-आय ठेवावा. हा चिनी शब्द ची असा उच्चारतात आणि त्याचा अर्थ प्राणशक्ती. स्क्रॅबलसाठी अमेरिकेत वेगळी यादी चालते, तिच्यात तो 2006 साली आला. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात क्यू असा बसवला की आडवा आणि उभा असे दोन्हीकडे क्यू-आय तयार होतात, तर एका क्यू-वर 62 गुण मिळतात. एवढा मोबदला फार थोडे दोन अक्षरी शब्द देतात.

शेवटी एक अडचण सांगितली पाहिजे. नुक्त्याची खूण मूळ ध्वनी सांगते, इंग्रजी स्पेलिंग सांगत नाही. कोणती यादी चालू आहे तेही आधी ठरवून घ्यावे, कारण इन्किलाब अमेरिकेच्या यादीत चालत नाही. हक्क, कायदा, किल्ला, अक्कल या सर्वांत मूळचा काफ़ आहे, म्हणून ते इंग्रजीत गेलेच असतील असे नाही. तालुक्यातही तोच काफ़ आहे, पण इंग्रज अधिकाऱ्यांनी तो कानाने ऐकून के-ने लिहिला आणि महसुली दफ्तरात तसाच रूढ केला, म्हणून तालुका पटावर मांडायचा असेल तर क्यू राखून ठेवू नये, 5 गुणांचा के शोधावा.