अयुथया: बँकॉकहून जाऊन-येऊन की एक रात्र मुक्काम?

रानजाई
मंडळी, जानेवारीत मी आणि नवरा थायलंडला चाललोय, ग्रुप टूर नको म्हणून सगळं आपलं आपणच ठरवतोय आणि त्यामुळेच रोज रात्री जेवणं झाली की घरात वादविवाद स्पर्धा भरते. त्याला समुद्र हवाय, मला अयुथया (थायलंडची जुनी राजधानी) बघायचंय. शेवटी तह असा झाला की समुद्राला जास्त दिवस पण अयुथया माझ्या मनासारखं. आता अडलंय ते मुक्कामावर. एका टूरवाल्याने जे पॅकेज पाठवलंय त्यात सकाळी बँकॉकहून उचलणार, आठ मंदिरं, वर बांग पा-इनचा राजवाडा, मध्ये जेवण आणि संध्याकाळी परत सोडणार. मला वाचूनच धाप लागली. पण नवऱ्याचं म्हणणं, विटांच्या ढिगाऱ्यांसाठी हॉटेल बदलायचं, बॅगा परत भरायच्या, कशाला एवढा उपद्व्याप. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा. त्याचा गुडघा जरा कुरकुरतो आणि मी शाकाहारी आहे (अंडंही नाही), हेही धरून सांगा.

शेवग्याची_शेंग
राहा. डोळे झाकून राहा.

कारण सोपं आहे, बँकॉकच्या गाड्या तिथे पोचतात साधारण दहाच्या पुढे आणि चारला परतीला लागतात, म्हणजे नेमकं ज्या वेळात तिथे फिरू नये त्याच वेळात तुम्हाला फिरवतात. जानेवारीत सकाळी हवा छान असते पण दुपारचं ऊन तरीही आहेच, आणि तिथे सगळं उघड्यावर, छप्परं केव्हाच गेलेली, विटा तापतात. आम्ही दोघं आदल्या दिवशी जाऊन राहिलो आणि सकाळी आठच्या सुमारास वाट महाथात (वाट म्हणजे थाई भाषेत मंदिर) उघडल्या उघडल्या आत गेलो. ते झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं डोकं तुम्ही फोटोत बघितलं असेलच. प्रत्यक्षात ते अगदी जमिनीलगत आहे, मुळं दोन्ही बाजूंनी गालांवरून आलीत, मध्ये फक्त चेहरा उरलाय. फोटो काढायचा तर खाली बसूनच, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याच्या वर नको असा नियम आहे, उभं राहून सेल्फी घ्यायला गेलात तर रखवालदार हटकतो. आम्ही होतो तेव्हा मोजून चार टाळकी होती. बाहेर पडताना बघतो तर बसची रांग.

मग दुपारी सरळ हॉटेलवर येऊन झोपायचं, लाज वाटून घ्यायची नाही. चारनंतर वाट चायवत्थनाराम. जुनं शहर नद्यांच्या मधल्या बेटावर आहे, हे त्या बेटाच्या बाहेर, नदीच्या पश्चिम काठावर आहे, १६३० साली प्रासात थोंग राजाने बांधलेलं, मधला उंच ख्मेर (कंबोडियाकडच्या) पद्धतीचा प्रांग, म्हणजे शिखरासारखा मनोरा, आणि भोवती लहान लहान. समोरच जुने थाई पोशाख भाड्याने देणारी दुकानं आहेत आणि थाई जोडपीच्या जोडपी राजा-राणी होऊन फोटो काढत असतात. २०१८ च्या एका टीव्ही मालिकेने हे वेड लावलंय म्हणे. बायकोने तयार होऊन घेतलं, मीही झालो, फोटो इथे टाकणार नाही.

चाओफ्रायाकाठचा
बँकॉकमध्ये नोकरी करतो, पाहुणे आले की अयुथया ठरलेलं, त्यामुळे फक्त जायचं-यायचं सांगतो.

पॅकेज घेऊ नका, रेल्वेने जा. अंतर ८० किमीच्या आसपास, गाडीप्रमाणे दीड ते दोन तास. थर्ड क्लासचं तिकीट वीसेक बाथ, लाकडी किंवा रेक्झिनची बाकडी, खिडक्या उघड्या आणि फलाटाफलाटावर काहीतरी खायला विकायला येतं. आपल्याकडच्या पॅसेंजरची सवय असेल तर घरचंच वाटेल. २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या क्रुंग थेप अपिवत या नव्या मोठ्या स्टेशनवरून सुटतात, साध्या गाड्या अजून जुन्या हुआ लाम्फोंगवरून, हे बघून मगच निघा नाहीतर चुकीच्या स्टेशनवर उभे राहाल.

आणि तुमचं विमान डॉन मुआंगला उतरत असेल तर बँकॉकमध्ये शिरूच नका! विमानतळासमोरच रेल्वे स्टेशन आहे, तिथूनच अयुथयाची गाडी पकडा, पहिली रात्र तिथे काढा आणि मग बँकॉक. म्हणजे नवऱ्याची बॅग भरायची तक्रारही मिटली.

अयुथया स्टेशन पासाक नदीच्या अलीकडे आहे, जुनं शहर पलीकडे. चाओफ्राया, लोपबुरी आणि पासाक अशा तीन नद्यांनी वेढलेलं बेटच आहे ते. स्टेशनसमोरच्या गल्लीतून सरळ चालत गेलात की छोटी होडी, काही बाथात पलीकडे. सायकली भाड्याने मिळतात, पण गुडघा कुरकुरतोय तर टुकटुक तासाच्या बोलीवर ठरवा, भाव आधी, बसायचं नंतर. तिथल्या टुकटुकचं तोंड बेडकासारखं गोलमटोल असतं, लगेच ओळखू येईल.

पायात_भिंगरी
मी जरा वेगळं बोलतो. तिसऱ्या देवळानंतर मला सगळं सारखंच दिसायला लागलं, खोटं कशाला बोलू. इतिहासाची आवड नसेल तर एक दिवस भरपूर झाला आणि रात्री तिथे फार काही नसतं, बाजार फिरलात की संपलं. आठ मंदिरं मात्र वेडेपणा आहे, चार करा. आणि हत्तीवर बसायला बोलावतात, नका बसू, भर उन्हात डांबरी रस्त्यावर त्या जनावराचे हाल बघवत नाहीत.

खापरतुकडा
भिंगरीभाऊ, सारखं दिसतं कारण गोष्ट माहीत नसते. रानजाई, नवऱ्याला विटा दाखवू नकोस, गोष्टी सांग.

वाट रात्चबुराना घे. राजा वारला, दोन मोठे मुलगे गादीसाठी हत्तींवर बसून एकमेकांशी लढले आणि दोघंही मेले. गादी मिळाली तिसऱ्याला. त्याने भावांना जिथे अग्नी दिला तिथे १४२४ मध्ये हे मंदिर बांधलं. १९५७ मध्ये चोरांनी त्याच्या प्रांगखालचं तळघर फोडलं, बरंच सोनं पळवलं, उरलेलं सरकारने बाहेर काढलं आणि ते आता चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. त्यात रत्नं जडवलेला एक छोटा सोन्याचा हत्ती आहे, तेवढ्यासाठी तरी जाच. तळघरात उतरता येतं, पुसट झालेली भित्तिचित्रं दिसतात, पण जिना अगदी अरुंद आणि खडा, गुडघेवाल्यांनी वरच थांबावं.

आणि ही मोडतोड कशी झाली तर १३५१ मध्ये वसलेलं शहर ४०० वर्षांवर राजधानी होतं, चिनी, जपानी, इराणी, डच, पोर्तुगीज सगळ्यांच्या वस्त्या होत्या. ब्रह्मी सैन्याने वर्षाच्या वर वेढा घातला आणि एप्रिल १७६७ मध्ये ते पडलं. आपलं पानिपत १७६१ चं, म्हणजे तिथल्या लोकांचं पानिपत त्यानंतर सहाच वर्षांनी. फरक एवढाच की पुणं तगलं, अयुथया जळालं. बिनडोक्याच्या मूर्ती रांगेने बसलेल्या दिसतील, पण त्याचं सगळं खापर ब्रह्मी सैन्यावर फोडू नका, पुढे मूर्तिचोरांनीही भरपूर हात मारलाय. विटासुद्धा शाबूत राहिल्या नाहीत, १७८२ नंतर बँकॉक उभारताना होड्या भरभरून नेल्या.

वेळ उरला तर नदीकाठी दक्षिणेला पोर्तुगीज वस्तीची जागा बघा. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, पुढच्या वर्षी मलाक्का, आणि लगेच अयुथयाला वकील पाठवला. तिथल्या चर्चच्या पायाशी उत्खननात निघालेले सांगाडे जागच्या जागी ठेवलेत. फार कोणी फिरकत नाही.

रानजाई
बापरे, केवढी माहिती! तिकिटं बघितली तर आमचं विमान खरंच डॉन मुआंगलाच उतरतंय 😄 नवऱ्याला हत्तीवरच्या भावांची गोष्ट सांगितली, आता तोच तळघरात उतरायचं म्हणतोय, गुडघा गेला खड्ड्यात. मुक्काम पक्का. फक्त खाण्याचं कोणी सांगितलंच नाही, की थेपले घेऊन जाऊ?

शेवग्याची_शेंग
थोडे घेच. पण उपाशी राहणार नाहीस. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात «เจ» असं दिसलं की तिथे निर्धास्त जेव, त्याला 'जे' म्हणतात, मांस-मासे-अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. बाकीकडे "मै साय नाम प्ला" म्हणजे फिश सॉस नको, हे पाठ कर, नुसतं नो मीट म्हटलंस तर माशाचं पाणी घालतातच. बोट नूडल्स नवऱ्याला खाऊ दे, तू त्या रश्शाला हात लावू नकोस, त्यात रक्त घालतात. पिवळ्याधमक शेवयांसारखी मिठाई दिसेल, फॉय थोंग, ती अंड्याच्या बलकाची, पोर्तुगीजांकडून आलेली. तीही त्यालाच.

तुझ्यासाठी रोती साय माय. मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या रस्त्यावर ओळीने दुकानं आहेत, बहुतेक मुसलमान कुटुंबांची. पातळ हिरवट रोटी आणि वेगळ्या पिशवीत साखरेचे रंगीत तंतू, आपण म्हातारीचे केस म्हणतो ना तसे पण जरा जाडसर. रोटीत अंडं नाही ना एवढं विचारून घे. एक पिशवी दोघांना पुष्कळ होते, आणि लगेच खा, हवा लागली की तंतू ओलसर होऊन गोळा होतो.