गवळाऊ गायीचा क्लोन करता येईल का?

आर्वी, वर्धा: चांगलं दूध देणारी गवळाऊ गाय म्हातारी झाली आहे. तिचा क्लोन, म्हणजे तिच्याच जनुकांची हुबेहूब नक्कल, गावातल्या दवाखान्यात होईल काय?

पशुवैद्यक, अमरावती: नाही भाऊ, त्याला प्रयोगशाळाच लागते. दुसऱ्या गायीचं बीजांड घेऊन त्यातलं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला गाभा, काढतात. आपल्या गायीच्या कानाच्या किंवा शेपटीच्या कातडीतली पेशी त्याला विजेच्या हलक्या झटक्याने जोडतात. सात-आठ दिवस भ्रूण वाढवून माजाचा दिवस जुळवलेल्या गायीच्या गर्भाशयात सोडतात. अपयश फार. 1996 च्या डॉली मेंढीसाठी 277 जोडण्या झाल्या, त्यातून 29 भ्रूण आणि जिवंत कोकरू एकच. कातडीच्या पेशीतली जनुकं भ्रूणासारखी पुरती ‘नव्याने’ चालू होत नाहीत. मग गर्भाला पोसणारी वार बिघडते, गाभ पडतो, वासरू अवाढव्य वाढून जन्मताना अडतं.

पशुप्रजनन अभ्यासक, अकोला: कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 2009 मध्ये म्हशीचं क्लोन पारडू जन्मलं, ते काही दिवसांतच गेलं. 2023 ला तिथेच गीर गायीची क्लोन वासरी गंगा झाली. पण क्लोन म्हणजे तेवढंच दूध असं नाही. चारा, पाणी, उन्हाळा यांवर बरंच ठरतं. शिवाय एकाच गायीच्या नकला वाढल्या तर जातीतली विविधता घटते आणि एखादा रोग सगळ्यांनाच सारखा गाठतो. आधीच कमी उरलेल्या गवळाऊला हे परवडणारं नाही. तिच्या कालवडी जपा, शुद्ध गवळाऊ वळूचंच रेतन करा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करा. गोठवलेल्या वीर्याची कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरा, गार पाण्यात नको.