मुंबई विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी: संलग्न महाविद्यालय, स्वायत्त महाविद्यालय की खाजगी विद्यापीठ?

चिपळूणचे पालक यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा चिपळूणहून बारावी झाली असून एमएचटी-सीईटीमध्ये तिला ९६ च्या थोडे पुढे पर्सेंटाइल मिळाले आहेत. आमच्या घरात अभियांत्रिकीला जाणारी ती पहिलीच, त्यामुळे विचारावे असे जवळचे कोणी नाही. पसंतीक्रम भरण्याआधी आम्ही तीन पर्यायांवर येऊन थांबलो आहोत. पहिला पर्याय अंधेरीच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयातील इलेक्ट्रिकल शाखेचा आहे. हे महाविद्यालय अनुदानित आणि स्वायत्त आहे. दुसरा नवी मुंबईतील एका संलग्न विनाअनुदानित महाविद्यालयात कॉम्प्युटर, आणि तिसरा मुंबईतीलच एका खाजगी विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स. पहिल्या दोन्हींकडे पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळते असे सांगतात, मग फरक नेमका कशात आहे? एका ठिकाणी बी.ई. लिहिले आहे आणि दुसरीकडे बी.टेक., याचा पुढे नोकरीत किंवा परदेशी शिक्षणात काही परिणाम होतो का? मुलीचा ओढा कॉम्प्युटरकडे आहे, पण भौतिकशास्त्रही तिला मनापासून आवडते. आमच्याकडे इतर मागास प्रवर्गाचा दाखला असून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. राहायची सोय डोंबिवलीला तिच्या मावशीकडे होऊ शकते.

निवृत्त प्राध्यापक, माटुंगा

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. बी.ई. आणि बी.टेक. या नावांतील फरकाकडे आपण सरळ दुर्लक्ष करावे. मुंबई विद्यापीठाची संलग्न महाविद्यालये बी.ई. देतात आणि बऱ्याच स्वायत्त संस्था बी.टेक. हे नाव वापरतात, परंतु गेट परीक्षेला, लोकसेवा आयोगाला किंवा पुढील शिक्षणाला या दोन्हींत कोणी भेद करत नाही.

खरा फरक प्रश्नपत्रिका कोण काढतो आणि अभ्यासक्रम कोण ठरवतो, यात आहे. संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यासमंडळ ठरवते, आणि मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत त्या शाखेचे सगळे विद्यार्थी तोच अभ्यासक्रम शिकून तीच परीक्षा देतात. विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रम आराखड्यात बहुतेक लेखी विषयांना सत्रान्त परीक्षेचे ८० गुण आणि अंतर्गत चाचण्यांचे २० गुण होते. त्याशिवाय टर्मवर्क (सत्रभर करायचे काम) आणि तोंडी परीक्षा वेगळ्या. एवढ्या मोठ्या यंत्रणेत अभ्यासक्रम बदलणे सोपे नसते. मी शिकवत असताना २०१२, २०१६ आणि २०१९ असे तीन आराखडे पाहिले, आणि प्रत्येक वेळी नवा विषय वर्गात पोहोचेपर्यंत उद्योगात त्याचे नावीन्य ओसरू लागलेले असे. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुन्हा नवी रचना आली आहे.

स्वायत्त महाविद्यालयात अभ्यासमंडळ, परीक्षा आणि निकाल हे सगळे महाविद्यालयाचेच असते; विद्यापीठ पदवी प्रदान करते आणि प्रमाणपत्रावर महाविद्यालयाचेही नाव असते. चांगल्या विभागाच्या हाती ही मोकळीक आली की तो एखादा शिळा विषय एका वर्षात काढून टाकू शकतो, आणि वाईट विभागाच्या हाती आली की शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच माणूस होऊन बसतो. सरदार पटेल महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले आणि २०१० मध्ये त्याला स्वायत्तता मिळाली, तेव्हा तेथे ही व्यवस्था आता मुरलेली आहे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी स्वायत्तता मिळवणे बरेच सुलभ झाले असल्यामुळे केवळ ‘स्वायत्त’ या शब्दावरून गुणवत्ता ठरवण्याचे दिवस गेले आहेत.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण मुंबईत ‘विद्यापीठ’ या शब्दाचा गोंधळ फार होतो. माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून जन्मली आणि २००८ पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. तिच्या शेजारची व्हीजेटीआय १८८७ पासूनची, १९२३ मध्ये भायखळ्याहून माटुंग्याला आलेली, आणि तिला २००४ मध्ये स्वायत्तता मिळाली. दोन्ही संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण एकीची पदवी तिची स्वतःची आणि दुसरीची मुंबई विद्यापीठाची. इमारतींवरून काही कळत नाही, माहितीपत्रक वाचावे लागते.

शाखेविषयी माझे मत असे आहे की ज्या मुलीला भौतिकशास्त्र आवडते, तिने चांगल्या विभागातील इलेक्ट्रिकल सोडू नये. विद्युतयंत्रे, शक्तिप्रणाली आणि नियंत्रणप्रणाली शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग नंतरही शिकता येते. उलट दिशेचा प्रवास फार थोडे जण करतात.

सॉफ्टवेअरमधला एक ईएक्सटीसीवाला, ऐरोली

प्राध्यापक महोदयांचा आदर राखून मी शाखेच्या मुद्द्यावर असहमती नोंदवतो. मी २०१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एका संलग्न महाविद्यालयातून ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार) केले आणि गेली अनेक वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ‘प्रोग्रॅमिंग नंतर शिकता येते’ हे खरे असले तरी त्याची किंमत मोजावी लागते. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस हे विषय माझ्या कॉम्प्युटरच्या मित्रांनी वर्गात बसून शिकले. मी ते शेवटच्या वर्षी, दोन केटी (नापास होऊन पुन्हा द्यायचे विषय) अंगावर असताना, रात्री जागून शिकलो. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या सर्व शाखांना बसू देतात हे बरोबर, परंतु मुलाखतीत प्रश्न कॉम्प्युटरचेच विचारले जातात.

मात्र आपल्या दुसऱ्या पर्यायाविषयी एक चौकशी अवश्य करावी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून एका शाखेतील प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा काढून टाकली, आणि तेव्हापासून अनेक खाजगी महाविद्यालयांत कॉम्प्युटर व तत्सम शाखांच्या तुकड्या वाढल्या आहेत. तुकड्या कागदावर वाढवणे सोपे असते, शिक्षक मिळणे सोपे नसते. परिषदेचे प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर शिक्षकांची यादी असते. तीत कॉम्प्युटर विभागात पूर्णवेळ किती जण आहेत, ते किती वर्षांपासून आहेत आणि त्यांतील किती जणांनी पीएच.डी. केली आहे, हे स्वतः मोजावे. शक्य असल्यास एखाद्या कामाच्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे, आणि प्रयोगशाळेत एका संगणकावर किती जण बसतात व जर्नल (प्रयोगवही) प्रयोग करून लिहिले जाते की मागच्या वर्षीचे उतरवले जाते, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. आमच्या वेळी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काय होते, ते मी सांगणार नाही.

मेलबर्नहून एक सिव्हिल अभियंता

परदेशाचा मुद्दा आला म्हणून लिहितो. एम.एस.साठी जाणाऱ्याला मुंबई विद्यापीठाची पदवी सगळीकडे मान्य असते, त्याची काळजी नसावी. अडचण येते ती अभियंता म्हणून स्थलांतर करताना किंवा परवाना घेताना, आणि ती प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. या करारात सदस्य देश एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांचे मूल्यांकन मान्य करतात, आणि भारताच्या बाजूने हे मूल्यांकन एनबीए ही राष्ट्रीय संस्था करते. येथे दोन बारकावे आहेत. नॅक ही दुसरी मूल्यांकन संस्था संपूर्ण महाविद्यालयाला श्रेणी देते, तर एनबीएची मान्यता एकेका शाखेला मिळते. त्यामुळे एकाच इमारतीत मेकॅनिकलला मान्यता असते आणि कॉम्प्युटरला नसते, असे सहज घडते. दुसरे असे की एनबीएचे टियर १ आणि टियर २ असे दोन प्रकार आहेत. टियर १ स्वायत्त महाविद्यालयांसाठी व विद्यापीठांच्या विभागांसाठी असतो आणि टियर २ संलग्न महाविद्यालयांसाठी. वॉशिंग्टन करारात फक्त टियर १ धरले जाते. शिवाय ही मान्यता साधारणपणे तीन किंवा सहा वर्षांची असते आणि मुलगी ज्या वर्षी पदवी घेईल त्या वर्षी ती चालू असावी लागते.

माझी पदवी २००९ ची, म्हणजे भारताच्या पूर्ण सदस्यत्वापूर्वीची. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडे अर्ज करताना मला स्वतःच्या कामावर तीन प्रकरणे आणि त्यांचा गोषवारा असा मोठा अहवाल लिहावा लागला, ज्यात माझे चार महिने गेले. टियर १ मान्यतेच्या शाखेतून आलेल्या माझ्या एका तरुण सहकाऱ्याचे काम प्रमाणपत्रे आणि गुणपत्रिकांवर भागले. सॉफ्टवेअरच्या पदांचे मूल्यांकन येथे ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी ही वेगळी संस्था करते, तेव्हा कॉम्प्युटरला जाणाऱ्यांनी माझ्या म्हणण्याने फार बिचकू नये; इलेक्ट्रिकल, सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांना मात्र हे आताच पाहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

ठाण्याची एक आई

एवढी चर्चा झाली, पण शुल्काचा विषय कोणीच काढला नाही याचे आश्चर्य वाटले, कारण या मुलीच्या बाबतीत सगळा निर्णय त्यावरच फिरू शकतो. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत राज्य शासनाने २०२४-२५ पासून दिली आहे. ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला लागू आहे, व्यवस्थापन कोट्यातील जागेला नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तीतून वगळलेली आहेत. म्हणजे आपल्या पहिल्या दोन पर्यायांत सवलत मिळू शकते आणि तिसऱ्यात चार वर्षांचे पूर्ण शुल्क खिशातून भरावे लागेल. माझ्या मुलीच्या वेळी ही गोष्ट एकाही समुपदेशकाने आम्हाला सांगितली नाही; पैसे भरायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंकडून कळली. विकास शुल्क, वसतिगृह आणि इतर किरकोळ रकमा सवलतीत धरल्या जात नाहीत, तेव्हा महाविद्यालयाकडून शुल्काचे पूर्ण विवरण लेखी मागावे. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत आजच तपासावी, कारण ऐन वेळी तहसील कचेरीत रांगा लागतात.

प्रवासाचेही सांगते. डोंबिवलीहून अंधेरी नकाशावर लांब दिसते, पण जलद लोकलने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने आझाद नगर, असे केले तर दादरचा पूल टाळता येतो. नवी मुंबईला जायचे तर ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची गाडी धरावी लागेल. दोन्हीकडे वेळ सारखाच जातो, परंतु सकाळी डोंबिवलीहून घाटकोपरकडे निघालेल्या जलद गाडीच्या महिला डब्यात उभे राहायला जागा मिळवणे हा पहिल्या सत्रातील सहावा विषय समजावा.

चिपळूणचे पालक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभार. शुल्क सवलतीतून खाजगी विद्यापीठे वगळली आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते. तिसरा पर्याय आम्ही काढून टाकला आहे. आमच्या प्रमाणपत्राची मुदत मार्चमध्ये संपली असल्याचे काल लक्षात आले, नूतनीकरणाचा अर्ज केला आहे. एनबीएच्या संकेतस्थळावरही शाखानिहाय पाहून घेऊ. मुलगी आता म्हणते की इलेक्ट्रिकल घेतले तरी सोबत कॉम्प्युटरचे काही विषय घेता येणार असतील तर तिची हरकत नाही. तशी सोय असते का? आणि दोन्ही महाविद्यालये पसंतीक्रमात कशी लावावीत?

निवृत्त प्राध्यापक, माटुंगा

तशी सोय आहे. नव्या रचनेत दुसऱ्या विद्याशाखेतील मायनर (दुय्यम विषय) अभ्यासक्रमातच अंतर्भूत आहे, आणि ज्यांना ऑनर्स हवे असते ते त्यासाठी साधारण १८ ते २० जादा श्रेयांक मिळवतात. इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांना कोणत्या विषयातील मायनर प्रत्यक्षात दिला जातो आणि त्याला जागांची मर्यादा आहे का, हे मात्र विभागप्रमुखांना दूरध्वनी करून विचारावे, कारण माहितीपत्रकात असलेले सगळेच विषय दर वर्षी चालतात असे नाही.

पसंतीक्रमाविषयी सावध करतो. २०२५-२६ पासून केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या चार झाल्या आहेत. पहिल्या फेरीत आपल्याला क्रमांक एकचाच पर्याय मिळाला तर तो आपोआप कायम होतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला तरी तेच होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून ‘मिळते का बघू’ म्हणून एखादे महाविद्यालय वरच्या सहांत टाकू नये. बारावी चिपळूणहून झाल्यामुळे मुलगी मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रातील उमेदवार ठरेल आणि संलग्न महाविद्यालयांतील गृह विद्यापीठाच्या जागांवर तिचा हक्क राहील. काही स्वायत्त संस्थांच्या जागा राज्यस्तरावर भरल्या जातात, त्यामुळे गेल्या वर्षीचे कटऑफ पाहताना कोणता तक्ता पाहत आहात याकडे लक्ष द्यावे. मुलींसाठी राखीव असलेल्या जागांचे कटऑफ त्याच तक्त्यात वेगळ्या रकान्यात असतात, तेही पाहावेत. ऐरोलीच्या गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे नवी मुंबईला एक फेरी मारून, शिक्षकांची यादी मोजून झाली की मगच क्रम पक्का करावा, आणि अर्ज भरताना शेवटचे बटण मुलीलाच दाबू द्यावे.