मदत हवी आहे: स्किझोफ्रेनियाचं औषध काही तासांत मेंदूतल्या रिसेप्टरवर बसतं, मग ऐकू येणारे आवाज कमी व्हायला आठवडे का?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला एम. फार्म करतेय, विषय फार्माकॉलॉजी. सेमिनारसाठी स्किझोफ्रेनियावरची औषधं हा विषय निवडलाय आणि एका ठिकाणी घोडं अडलंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

विषय घरातलाच आहे. माझ्या मावसभावाला, म्हणजे दादाला, हा आजार आहे; त्याला नसलेले आवाज ऐकू येतात. लोकमान्यनगरला मावशीकडे गेले की ती हमखास विचारते, "गोळी त्याच दिवशी डोक्यात पोचते म्हणतेस, मग त्याचे आवाज कमी व्हायला इतके आठवडे का लागले गं?" तिला पटेल असं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

1952 मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन हे या आजारावरचं औषध वापरात आलं तेव्हा ते कसं काम करतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 1957 मध्ये संशोधक कार्लसन यांनी सशांना रेसरपिन (आपल्या सर्पगंधेतलं) देऊन निपचित पाडलं आणि एल-डोपा (यापासून मेंदूत डोपामाइन हे निरोप पोचवणारं रसायन बनतं) देऊन पुन्हा हिंडतं केलं. पुढे सत्तरच्या दशकात सीमन यांनी दाखवलं की औषध डी-2 रिसेप्टरला (मेंदूच्या पेशीवर डोपामाइन जिथे बसतं ती जागा) जितकं घट्ट धरतं, तितका त्याचा डोस कमी लागतो. इथवर समजलं.

पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूतले किती रिसेप्टर औषधाने अडलेत ते दाखवणारी तपासणी, तिचे आकडेही पटतात. साधारण 65 टक्के डी-2 रिसेप्टर अडले की गुण येतो, 80 टक्क्यांच्या आसपास गेलं की अंग आखडतं. हे मी दादाच्या बाबतीत पाहिलंय. रिस्पेरिडोनचा डोस वाढवला होता तेव्हा शर्टाचं बटण काजाशी नेऊन त्याची बोटं तिथेच थांबायची, चालताना उजवा हात अंगाला चिकटलेला. डॉक्टरांनी डोस उतरवून ट्रायहेक्सिफेनिडिल हे आखडलेपणावरचं औषध दिलं, मग हात मोकळा झाला.

पण मग उशीर कशाचा? संशोधक ग्रेस यांचं म्हणणं, औषध चालू राहिलं की डोपामाइनच्या पेशी आधी जास्त संदेश सोडतात आणि काही आठवड्यांनी गप्प होतात. दुसरे संशोधक कपूर यांचं म्हणणं, औषध फक्त अनुभवाचा जोर उतरवतं; भ्रम मागे सरायला वेळ मनाला लागतो. दादा म्हणतो, "आवाज आहेत, पण आता त्यांच्याकडे लक्ष जात नाही." त्यामुळे माझा कल कपूर यांच्याकडे आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात का? शिवाय काही गुण पहिल्या आठवड्यातच दिसतो असंही वाचलं, म्हणजे 'उशीर' ही कल्पनाच तपासायला हवी का?

क्लोझापिन हे औषध तर मला अजिबात उलगडत नाही. डी-2 वर ते सैल बसतं आणि चटकन सुटतं, तरी 1988 च्या केन यांच्या चाचणीत इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी 30 टक्के त्याने सुधारले. क्लोरप्रोमाझिनने फक्त 4 टक्के. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरण्याचा धोका पत्करूनही ते देतात, ते यामुळेच. आणि 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम तर डी-2 ला थेट हातही लावत नाही, मस्कारिनिक रिसेप्टरवरून (असिटिलकोलीन या दुसऱ्या रसायनाच्या जागेवरून) काम करतं. मग डोपामाइन हे मूळ, की वाटेतलं एक ठाणं?

केटामाइन (भुलीचं औषध) आणि ग्लुटामेट (मेंदूतलं आणखी एक निरोप पोचवणारं रसायन) यांचा भाग मी अजून वाचलेला नाही. तो आधी वाचावा की मस्कारिनिक, एवढं सांगितलंत तरी पुढची वाट सापडेल. उपचारांचा सल्ला नको, ते दादाचे डॉक्टर बघतात. कुणी मानसोपचार किंवा न्यूरोसायन्समध्ये असाल तर मावशीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही रुग्णाच्या घरच्यांना कसं देता, तेही जरूर लिहा.